घाणा, घाना आणि साबणाचा ‘पाया’

उदगीरकडच्या बचत गटातल्या एका ताईंनी विचारलंय, ‘सोप बेस’ला, म्हणजे वितळवून साच्यात ओतायच्या त्या साबणाच्या ठोकळ्याला, मराठीत काय म्हणावं? सोबत लेबलाचा फोटो आहे: ‘लाकडी घाना करडई तेलापासून बनवलेला साबण-पाया’.

पाया घराला असतो, नाहीतर हैदराबादी रश्श्यात असतो. रसायनशास्त्रातला बेस म्हणावा, तर तो मान कॉस्टिक सोड्याचा. किलोभर खोबरेलाला तो साधारण 180 ग्रॅम लागतो, करडईच्या तेलाला 135च्या आसपास. तेलातली मेदाम्लं सोडियमला चिकटली की साबण झाला, ग्लिसरीन सुटं झालं. कारखान्यात वर मीठ टाकतात. साबण वर येतो, ग्लिसरीन खालच्या पाण्यात उतरतं. मग साबण वाळवून शेवेसारखा पाडला की त्याला म्हणतात ‘सोप नूडल्स’. साच्यात ओतायच्या बेसमध्ये मात्र ग्लिसरीन मुद्दाम असू देतात. तर बेस म्हणजे झालेला साबणच. ‘कच्चा’ म्हणाल तर तेही चूक. (साबण हा शब्द अरबी ‘साबून’वरून आला की पोर्तुगीजांकडून, हे भांडण नेहमीचं. सोडून देतो.)

डोकं फिरतं ते ‘घाना’ वाचून. औशापासून देगलूरपर्यंत तेलाच्या पाट्यांवर हेच. अहो, घाना आफ्रिकेतला देश आहे! आपला तो घाणा. आणि काय शब्द आहे! आधी यंत्र: उखळ, त्यात फिरणारी लाट, जुवाला बैल. मग त्यात एका वेळी घालायचा माल, तोही घाणा. तिथून शब्द थेट स्वयंपाकघरात शिरला. ‘करंज्यांचा पहिला घाणा देवाला ठेव,’ असं आजी म्हणायची तेव्हा बैलाची आठवण तिला होती की नाही कोण जाणे, पण शब्दाला होती. म्हणून मी तर म्हणतो, तेलात कॉस्टिकचं पाणी घालून पळीची रेघ वर उमटेपर्यंत ढवळलेलं ते पातेलंभर, तो साबणाचा घाणा. हसतात लोक. हसोत.

काही पंडित घाणा ‘घाण’वरून काढतात, पेंडीला वास मारतो म्हणे. तेल्याच्या दारात कधी उभं न राहिलेल्याची ही व्युत्पत्ती! ताज्या करडईचा घाणा चालू असला तर भूक लागते. घाण आली ‘घ्राण’वरून, तिचं नातं नाकाशी. घाण्याचं नातं बघायचं तर शिवेपलीकडे बघा: कन्नडमध्ये गाण, तेलुगूत गानुग. देगलूरच्या बाजारात तिन्ही भाषा एकाच दुकानात ऐकू येतात. शब्द दक्षिणेकडून वर आला आणि आपण त्याला ‘घ’चा दम दिला, असा माझा कयास. उलटं म्हणणाऱ्यांनी आधी तिथं चहा प्यावा.

हां, ताईंचं राहिलंच. ‘मूळ साबण’ लिहा. ‘साबणाचा बेस’ ठेवलात तरी गिऱ्हाइकाला कळेल. पण त्या ‘घाना’तला ‘न’ आजच बदला, पुढची लेबलं छापायला जायच्या आत.