वाचकांचे प्रश्न : पडद्यावरचा रायगड

प्रश्न : मी शहादा तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या एका द्विशिक्षकी शाळेत तिसरी-चौथीचा जोडवर्ग शिकवते. चौथीच्या परिसर अभ्यासात शिवछत्रपतींचा इतिहास आहे; पण आमच्या मुलांनी रायगड पाहिलेला नाही, आणि इथून तिकडे सहल नेणे पालकांना परवडणारे नाही. गावाने वर्गणी काढून शाळेला एक टीव्ही दिला आहे. गेल्या वर्षी मी त्यावर किल्ल्यांचे व्हिडिओ लावले. मुले तल्लीन होऊन पाहत होती. दुसऱ्या दिवशी विचारले, तर ‘भारी होतं, बाई’ यापलीकडे कोणी जाईना. आभासी क्षेत्रभेट घ्यावी तरी कशी?
— एक शिक्षिका, जिल्हा नंदुरबार

उत्तर : आपल्या पत्रात ‘सहल’ आणि ‘क्षेत्रभेट’ हे दोन्ही शब्द आले आहेत, आणि अडचण नेमकी त्या दोहोंच्या मधे आहे. सहलीला मुले पाहायला जातात. क्षेत्रभेटीला काहीतरी शोधायला जातात. व्हिडिओ लावला की पडद्यावर सहल होते, कारण कुठे थांबायचे, काय जवळून पाहायचे, हे सारे व्हिडिओ करणाऱ्याने आधीच ठरवलेले असते आणि मुलांना करण्यासारखे काही उरत नाही. मीही ही चूक केलेली आहे. एका तासिकेत सात किल्ले दाखवले आणि दुसऱ्या दिवशी चित्र काढायला सांगितले, तेव्हा एका मुलाने बुरुजाच्या शेजारी माउसचा बाणही काढला होता. त्याला सर्वांत जास्त वेळ दिसलेली वस्तू तीच होती!

म्हणून एका भेटीत एकच ठिकाण आणि त्यातही दोन-तीनच थांबे ठेवावेत. सुरुवात रायगडापासून न करता आपल्या शाळेच्या छपरापासून करावी. ‘गूगल अर्थ’ या उपग्रहचित्रांच्या ॲपवर आधी शाळा, मग गावची विहीर, नदी, शहाद्याकडे जाणारा रस्ता असे मुलांनाच ओळखू द्यावे. वरून पाहिलेली जमीन म्हणजे काय, हे ओळखीच्या जागेवर कळले, की मगच अनोळखी जागेचे चित्र वाचता येते. त्यानंतर चित्र हळूहळू दूर नेत नकाशावर तापी ओलांडावी आणि सह्याद्रीच्या कडेकडेने दक्षिणेला रायगडाजवळच्या महाडपर्यंत यावे. या प्रवासाला पाच मिनिटे लागली तरी लागू द्यावीत, कारण अंतराची जाणीव तिथेच होते.

पहिला थांबा गडाच्या बाहेर. चित्र तिरके करून गड चारही बाजूंनी फिरवून दाखवावा आणि एकच प्रश्न विचारावा : तुम्हाला वर जायचे असेल, तर कुठून जाल? मुलांना टीव्हीजवळ येऊन बोट ठेवू द्यावे आणि कारण सांगू द्यावे. इथे एक सावधगिरी हवी. उपग्रहाच्या माहितीवरून तयार केलेल्या या चित्रात उभा कडा बराच गुळगुळीत होतो आणि प्रत्यक्षातली ताठ भिंत साध्या उतारासारखी दिसते. त्यामुळे टकमक टोक या गडाच्या उभ्या कड्याचे साधे छायाचित्र शेजारी ठेवावे आणि दोन्हींत काय फरक आहे हे मुलांनाच विचारावे. मग महादरवाजा दाखवावा. तो दोन बुरुजांच्या आड असा दडवलेला आहे, की खालून येणाऱ्याला सहज दिसत नाही. आधी स्वतः वाट शोधलेल्या मुलाला हा दरवाजा पाहून जे वाटेल, ते आयते पाहणाऱ्याला वाटणार नाही.

दुसरा थांबा बाजारपेठ. समोरासमोरच्या दोन रांगा, मधे रुंद रस्ता आणि दुकानांची उंच जोती. घोड्यावर बसूनच खरेदी करता यावी म्हणून जोती इतकी उंच ठेवली, असे गडावर सर्रास सांगितले जाते. आपल्या मुलांनी सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे जवळून पाहिलेले असतील. तेव्हा घोड्याची पाठ किती उंच असते, हे तीच आपल्याला सांगतील. चित्रात जोत्याशेजारी उभा असलेला माणूस शोधून त्याच्या मापाने जोत्याची उंची काढता येते. त्यानंतर फळ्यावर दोन रकाने करावेत : ‘डोळ्यांना काय दिसते’ आणि ‘लोक काय सांगतात’. जोते उंच आहे, हे पहिल्या रकान्यात जाईल. घोड्याची गोष्ट दुसऱ्या. नऊ वर्षांच्या मुलाला इतिहासाची साधने शिकवण्याचा याहून सोपा मार्ग मला ठाऊक नाही.

वेळ उरला तर तिसरा थांबा राजसदरेचा घ्यावा. इथे मुले हमखास फसतात, कारण पडद्यावर सगळेच सारखे जुने दिसते. राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी झाला. पण सिंहासनाच्या जागी आज दिसणारी मेघडंबरी (वरची छत्री) आणि पुतळा अलीकडच्या काळातले आहेत, समाधीचा जीर्णोद्धार विसाव्या शतकात झाला, आणि गडावर जाणारा रोपवे १९९६ सालचा आहे. वाड्यांची नुसती जोतीच का उरली, असे एखादी मुलगी विचारीलच. १८१८ साली इंग्रजांनी तोफा डागून गड घेतला, तेव्हा लागलेल्या आगीत लाकडी बांधकाम जळून गेले, हे तिला तेव्हा सांगावे; आधी सांगू नये.

पडदा बंद केल्यावर मुलांनी गडाचा नकाशा आठवून काढावा आणि गटागटाने मातीत गड करावा. दिवाळीचे किल्ले मुले करतातच. या वेळी तलाव आणि दरवाजा नेमक्या जागी आला की नाही, यावरून भांडू द्यावे. वाद मिटेना तर टीव्ही पुन्हा लावावा. ही दुसरी भेट पहिलीपेक्षा अधिक फळते, असा माझा अनुभव आहे.

साधनांविषयी थोडक्यात. चष्म्यासारखे व्हीआर (आभासी दृश्य दाखवणारे) संच विकायला कोणी आले, तर या वयासाठी घेऊ नयेत. प्रत्येक मूल आपापल्या चष्म्यात गेले, की वर्गातले बोलणेच थांबते. एकाच ॲपवर सगळी भिस्तही ठेवू नये. गूगलचे एक्सपिडिशन्स हे खास शाळांसाठीचे ॲप २०१५ साली आले आणि २०२१ साली बंद झाले. गूगल मॅप्सवर पर्यटकांनी टाकलेली किल्ल्यांची ३६० अंशांची छायाचित्रे सापडतात, आणि इस्रोच्या ‘भुवन’ या संकेतस्थळावर उपग्रहचित्रे आहेत. नेटवर्कचा भरवसा नसेल, तर आदल्या रात्री लागतील तेवढी चित्रे पेनड्राइव्हवर घ्यावीत.

आणखी एक सुचवतो, जे मला या सगळ्यांहून मोलाचे वाटते. महाड परिसरातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षकांशी ओळख काढून दोन्ही वर्गांचा अर्ध्या तासाचा व्हिडिओ कॉल ठरवावा. त्यांच्या मुलांनी भातखाचरे आणि शक्य झाल्यास पायथ्यावरून दिसणारा गड दाखवावा. आपल्या मुलांनी तापी आणि सातपुड्याची होळी सांगावी. प्रश्न आधी लिहून घ्यावेत, नाहीतर दोन्हीकडची मुले नुसती हात हलवत बसतात.

प्रश्न : माझा मुलगा तिसरीत आहे. यंदा त्याच्या शाळेने परिसरभेटी रद्द करून त्याऐवजी ‘व्हर्च्युअल फील्ड ट्रिप’ ठेवल्या आहेत. पोस्ट ऑफिस आणि भाजी मंडईसुद्धा पडद्यावरच! हे योग्य आहे का?
— एक पालक, पुणे

उत्तर : नाही. पडदा रायगडासाठी, अजिंठ्यासाठी, समुद्र न पाहिलेल्या मुलांना सिंधुदुर्ग दाखवण्यासाठी आहे. चालत जाता येईल अशा मंडईसाठी नाही. तराजूचे पारडे झुकताना, भाव करताना होणारी घासाघीस ऐकताना, ओल्या मेथीचा वास घेताना मूल जे शिकते, त्याला पर्याय नाही. शाळेची अडचण बहुधा वाहतूक, परवानगी आणि जबाबदारी यांची असेल, म्हणून नुसती तक्रार न करता चार-पाच पालकांनी मुलांसोबत चालायची तयारी लेखी कळवावी. पोस्टात सकाळी टपालाची छाननी चालू असते, त्या वेळी जावे, आणि प्रत्येक मुलाने स्वतःच्याच घरचा पत्ता लिहिलेले एक पोस्टकार्ड पेटीत टाकून यावे. ते घरी पोचायला किती दिवस लागले आणि त्यावर कुठकुठले शिक्के आले, हा पुढच्या तासिकेचा धडा.