आठवीत आहे, सांगलीत शिकतो. तोंडी हिशेब पटकन जमायला काय करू?

30 पर्यंतचे पाढे आणि त्यासोबत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी (म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीडचे पाढे) पक्की कर. निम्मं काम तिथंच होतं. मी गणपती पेठेत किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसतो, दिवसभर हेच चालतं. 48 रुपये किलोचा माल पावणेदोन किलो दिला, तर दोन किलोचे 96, त्यातून पाव किलोचे 12 गेले, 84. बेरीज डावीकडून कर: 67 अन् 58, म्हणजे 60 अन् 50 चे 110, वर 15, झाले 125. कागदासारखं उजवीकडून गेलास तर हातचा डोक्यात टिकत नाही. रोज दहा मिनिटं, घरच्या किराणा बिलावरच. फक्त पहिले पंधरा दिवस घड्याळ लावू नकोस. घाईत चुकीचा बसलेला पाढा मोडताना लय त्रास होतो.