जुन्या फ्लॅटच्या दुरुस्तीसाठी भरवशाचा ठेकेदार कसा निवडावा? तीन जणांच्या आकड्यांत दुपटीचा फरक आहे.

तुमची अडचण मला समजली ती अशी: पुण्यात तीसेक वर्षं जुन्या इमारतीत रिसेलचा फ्लॅट घेतलाय, दोन्ही बाथरूम फोडायची आहेत, ओटा बदलायचाय, शेवटी रंग. तीन ठेकेदार येऊन बघून गेले आणि सगळ्यात स्वस्त व सगळ्यात महाग यांत दुपटीचा फरक आहे. काम कुणाला द्यावं आणि फसायचं कसं नाही, असा प्रश्न आहे.

मी सिंहगड रस्त्यावर १९९४ सालच्या इमारतीत राहते. एकच बाथरूम मी दोनदा करून घेतलंय, हीच माझी पात्रता.

पहिल्यांदा २०१६ साली, दसरा झाल्यावर. ठेकेदार ओळखीतून आलेला, बोलायला गोड. ‘ताई, तुम्ही फक्त चावी द्या, बाकी माझ्यावर सोडा.’ मी चावी दिली, वर मागेल तेव्हा पैसेही दिले. दिवाळी जवळ आली तसे त्याच्या मिस्त्र्यांना गावाचे वेध लागले. एकदा गेले की छठपूजा होईपर्यंत येत नाहीत, हे त्यालाही माहीत. मग शेवटच्या चार दिवसांत कोबा, वॉटरप्रूफिंग, टाइल्स, सगळं उरकलं. दिसायला एकदम झकास. आठ महिन्यांनी खालच्या काकू वर आल्या. भांडल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, ‘तुमचं बाथरूम आमच्या देवघरात उतरलंय, जरा बघून जाता का?’ गेले तर छताला पोपडे, आणि समईशेजारी स्टीलचा वाडगा मांडलेला. त्यात थेंब पडत होते.

ठेकेदाराने पहिले दोन फोन उचलले. तिसऱ्यापासून ‘साइटवर आहे, करतो’, आणि मग तेही बंद. सोसायटीकडे बोट दाखवण्यात अर्थ नव्हता. आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून पावसाचं पाणी उतरलं तर खर्च सोसायटीचा, पण संडास-बाथरूममधून झिरपलं तर ज्याचा फ्लॅट त्याचा. (वाचणाऱ्यांपैकी कुणाची इमारत नवी असेल तर मात्र थांबा. ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील तर बांधकामातला दोष रेराच्या, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या, कायद्याप्रमाणे बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो. आधी त्याला लेखी कळवा, ठेकेदार नंतर.)

दुसऱ्यांदा २०१९च्या जानेवारीत केलं. त्या बाथरूममधून आजवर थेंब गळलेला नाही. दुसरा ठेकेदार पहिल्यापेक्षा सज्जन होता का? तसं काही नाही. तोही फोन उचलायचा नाही, तोही उद्या म्हणून परवा यायचा. माणूस कसा निघेल हे मला अजूनही पहिल्या भेटीत ओळखता येत नाही. फरक एवढाच की यावेळी जे काम टाइल्सखाली झाकलं जाणार होतं ते झाकायच्या आधी मी स्वतः बघितलं, आणि बघेपर्यंत पुढचे पैसे दिले नाहीत.

आधी तुमच्या तीन आकड्यांविषयी. ते एकाच कामाचे नसणार. माझ्याकडेही तीन आले होते: एक लाख दहा, एक लाख पंचेचाळीस आणि एक लाख पंच्याऐंशी हजार. मी एक लाख दहावाल्याला ‘हो’ म्हणणारच होते. मग कागदावर एकेक काम लिहून तिघांना परत विचारलं. स्वस्तवाल्याच्या आकड्यात जुन्या टाइल्स फोडणं नव्हतं, राडारोडा खाली नेऊन टेम्पोने हलवणं नव्हतं, आणि वॉटरप्रूफिंग म्हणजे त्याच्या लेखी सिमेंटच्या पाण्यात एक डबा केमिकल. ते सगळं धरल्यावर तो मधल्याच्याही पुढे गेला. महागडा १८ टक्के जीएसटी लावत होता. नंबर मागितला तर ‘सीएकडे आहे’ म्हणाला. नंबर १५ अक्षरी असतो, महाराष्ट्राचा २७ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या साइटवर टाकला की कुणाच्या नावावर आहे ते मिनिटात दिसतं. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळे नंबर नसणं हा गुन्हा नव्हे. पण नंबर नसताना जीएसटीच्या नावाने पैसे मागणं म्हणजे शुद्ध लबाडी.

तेव्हा यादी तुम्ही करा आणि तीच तिघांना द्या. फोडकाम, राडारोडा, प्लंबिंग, कोबा, वॉटरप्रूफिंग, टाइल्सची मजुरी चौरस फुटावर, ओट्याचं रनिंग फुटावर, मटेरियल कुणाचं, कुठल्या कंपनीचं. ‘लमसम’ म्हणणाऱ्यालाही म्हणावं, लमसम ठीक, पण कशाकशाचं ते लिहा. स्टॅम्पपेपर लागत नाही. मी सगळं व्हॉट्सॲपवर मराठीत लिहून पाठवलं आणि त्याच्याकडून ‘ठीक आहे मॅडम’ एवढं उत्तर घेतलं. बिल फुगतं ते ‘हे एक्स्ट्रात येईल’ या वाक्याने. म्हणून एक ओळ जास्तीची: एक्स्ट्रा काम असेल तर आधी रक्कम लिहून पाठवायची, मी हो म्हटल्यावर हात लावायचा.

जुनी कामं बघायला जाल तेव्हा मागच्या महिन्यात झालेलं घर बघू नका. नवं बाथरूम सगळ्यांचंच चकाचक दिसतं. दोन-तीन वर्षांपूर्वी केलेलं एखादं दाखवा म्हणा, आणि जमलं तर त्या घराच्या खालच्या मजल्यावरची बेल वाजवा. मी वाजवली होती. थोडं लाजल्यासारखं होतं, पण पुण्यात लोक बाथरूमच्या गळतीवर अनोळखी माणसाशीही अर्धा तास बोलतात.

आता मुख्य भाग. जुन्या इमारतीत बाथरूमचा स्लॅब खाली दाबलेला असतो आणि त्यात विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो. तो काढताना ब्रेकर मशीन लावू देऊ नका. लवकर होतं म्हणून सगळे तेच आणतात, पण धक्क्याने स्लॅबला तडे जातात, कधी सळया उघड्या पडतात. छिन्नी-हातोड्याने दोन दिवस जास्त लागतात, लागू देत. मग प्लंबिंग. गरम पाण्याची लाइन सीपीव्हीसीचीच हवी. तो पाइप पिवळसर क्रीम रंगाचा असतो, थंडचा यूपीव्हीसी पांढरा. पहिल्या वेळी माझ्या गीझरपासून निघालेला तुकडा पांढरा होता, हे फोडल्यावर कळलं. उन्हाने वाकलेल्या मेणबत्तीसारखा झाला होता. लाइन टाकून झाल्यावर हातपंप लावून दाब द्यायला सांगा आणि काटा बघत तासभर थांबा. काटा उतरला म्हणजे कुठला तरी सांधा गळतोय. भिंत बुजवण्यापूर्वी प्रत्येक पाइपशेजारी टेप धरून फोटो काढून ठेवा. पुढे टॉवेलचा दांडा बसवणारा ड्रिल घेऊन येईल तेव्हा हाच फोटो कामाला येतो.

वॉटरप्रूफिंगचा थर जमिनीवर थांबवायचा नसतो, भिंतीवर फूटभर तरी चढला पाहिजे, शॉवरच्या बाजूला त्याहून जास्त. भिंत आणि जमीन मिळतात त्या कोपऱ्यात गोलाई हवी. मिस्त्री तिला वाटा म्हणतात. नाहणी ट्रॅपच्या, म्हणजे जमिनीतून पाणी जातं त्या जाळीखालच्या भांड्याच्या, गळ्याशी विशेष बघा, बहुतेक गळती तिथूनच. थर वाळला की ट्रॅपच्या तोंडात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली चिंधी कोंबायची, चार बोटं पाणी भरायचं, भिंतीवर पेन्सिलने रेघ मारायची आणि ४८ तास बाथरूमला कुलूप. ठेकेदार म्हणाला, ‘मॅडम, एवढं कुणी करत नाही, लेबर बसून राहील.’ मी म्हटलं, त्या दोन दिवसांत ओटा फोडून घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी रेघेच्या बोटभर खाली होतं. खाली काकूंच्या छताला हात लावून पाहिला तर एका कोपऱ्यात गारवा. ट्रॅपशेजारची जागा परत केली, परत पाणी भरलं. यावेळी रेघ जवळपास जागेवर राहिली, काकूंचं छत कोरडं. ते दोन दिवस वाचवले असते तर मी आज तिसऱ्या बाथरूमची गोष्ट सांगत असते.

टाइल्सचं थोडक्यात. व्हिट्रिफाइड टाइल पाणी अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी पिते, त्यामुळे भिंतीवर ती नुसत्या सिमेंटवर नीट धरत नाही, ॲडेसिव्ह लागतं. बसल्यावर रुपयाच्या नाण्याने वाजवून बघा, पोकळ बोलली तर तिथल्या तिथे काढायला लावा. दहा टक्के जास्त घ्या आणि खोक्यांवरचा बॅच नंबर एकच आहे ना ते पाहा.

मटेरियल स्वतः आणावं का? तुम्ही नोकरी करत असाल तर सगळं नको. दर अर्ध्या तासाला ‘दोन एल्बो कमी पडले’ असा फोन येतो आणि आपण ठेकेदाराचे हमाल होतो. मी पाइप, केमिकल आणि सिमेंट तेवढं त्याच्याबरोबर दुकानात जाऊन घेतलं. सिमेंटच्या पोत्यावर कुठल्या आठवड्यात भरलंय ते छापलेलं असतं, तीन महिन्यांपेक्षा जुनं घेऊ नका. दुकानदार ठेकेदाराला काहीतरी कमिशन देतोच. त्यावर भांडायला मी गेले नाही.

पैशांचं मात्र कडक धोरण ठेवा. पहिल्या वेळी काम निम्मं झालं होतं तेव्हा माझे ८० टक्के पैसे गेले होते. त्यानंतर त्याने माझं काम संपवावं तरी कशासाठी? पण ठेकेदाराची बाजूही खरी असते. त्याला दर आठवड्याला माणसांना खर्ची, म्हणजे हातखर्चाचे पैसे, द्यावी लागते, मजूर अड्ड्यावरून आणलेल्या बिगाऱ्याला तर रोजच्या रोज. एकही पैसा आधी देणार नाही म्हटलं तर चांगला माणूस येणार नाही. मी सुरुवातीला दहा टक्के दिले, मग दर शनिवारी खर्चीपुरते, आणि मोठे हप्ते तीनच: प्लंबिंगचा दाब टिकला की एक, पाण्याची रेघ टिकली की दुसरा, टाइल्स झाल्यावर तिसरा. शेवटचे दहा टक्के महिनाभर वापरल्यावर. हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं म्हणून वाद झाला नाही. मधूनच ‘गावाकडे अडचण आहे, वीस हजार उचल द्या’ आलंच. कारण खरंही असेल, पण मी तीन हजार दिले आणि पुढच्या हप्त्यातून वळते केले.

शेवटी माप. बिलात बाथरूमच्या टाइल्स २०३ चौरस फूट लिहिल्या होत्या. मी टेप काढला. बाथरूम ७ बाय ५, म्हणजे चार भिंतींची लांबी २४ फूट, टाइल्स ७ फुटांपर्यंत: १६८. जमीन ३५. झाले २०३. बरोबर! पण दरवाजा अडीच बाय सात आणि खिडकी दोन बाय दीड वजाच केली नव्हती. दरवाज्याला टाइल्स लावल्यात का, विचारलं. हसला, म्हणाला, ‘सगळे असंच मोजतात.’ साडेवीस फूट गेले, साठ रुपये दराने बाराशे तीस. तुमची दोन बाथरूम आहेत, तेव्हा टेपचं एक टोक मुलाच्या हातात द्या आणि माप ठेकेदारासमोरच घ्या.

कोर्टकचेरीचं विचाराल तर ठेकेदाराची सेवा ग्राहक कायद्यात येते. जिल्हा आयोगात, तुम्ही दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, आणि १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. मी गेले नाही, कारण पहिल्या कामाचं ना बिल होतं ना चिठ्ठी, सगळे पैसे रोख. यूपीआयने दिले असते तर निदान तारखा तरी राहिल्या असत्या.

सोसायटीचं पत्र आणि डिपॉझिट आधी उरका. कॉलम-बीमला हात लावणार नाही असं लिहून द्यावं लागेल, आणि दुपारी एक ते चार ठोकाठोकी केलीत तर काय होतं ते पुण्यात वेगळं सांगायला नको. काम दिवाळी-छठनंतर सुरू करा आणि होळीच्या आत संपेल असं बघा, कारण होळीला मिस्त्री परत गावी जातात. दोन्ही बाथरूम एकदम फोडू नका, एक चालू ठेवा. बाथरूम आधी, मग ओटा, रंग सगळ्यात शेवटी, तोही भिंती पूर्ण वाळल्यावर. आणि फोडकामाच्या आदल्या दिवशी खालच्यांकडे पेढे घेऊन जा, म्हणजे पाणी भरून ठेवाल त्या दोन दिवसांत त्यांच्या छताला हात लावून बघायला जाता येईल.