जुना गेमबॉय घेताय? आधी सेलचा कप्पा उघडा

नाशिकच्या गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात गेमबॉय (निन्टेंडोचा हातात धरून खेळायचा जुना व्हिडिओ गेम) दिसला, तर स्क्रीन नंतर बघा. १९८९ च्या मूळ गेमबॉयला चार पेन्सिल सेल लागतात, गेमबॉय कलरला दोन. नवे सेल खिशात ठेवूनच जा. कप्प्यातल्या पत्र्यांवर पांढरा-हिरवा थर म्हणजे सेल गळलेत. कापसाच्या काडीला थोडं व्हिनेगर लावून पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने. पत्राच खाल्ला गेला असेल तर भाव पाडूनच घ्या.

गेम लागत नसेल तर कार्ट्रिजमध्ये, म्हणजे गेमच्या डबीत, फुंकर मारू नका, कृपा करा! तोंडातल्या ओलाव्याने तिच्या धातूच्या पट्ट्या गंजतात. त्याही अल्कोहोलनेच पुसा.

सेव्ह (खेळ कुठवर आला त्याची नोंद) टिकत नसेल तर कार्ट्रिजच्या आतला सेल संपलाय. पोकेमॉन गोल्ड-सिल्व्हर या गेममध्ये सीआर२०२५ हा बटण सेल असतो, कार्ट्रिज उघडायला ३.८ मिमीचा खास पाना लागतो. सेल काढला की जुना सेव्ह सहसा जातो, हे विकणाऱ्यालाही आधी सांगा. नवा सेल सोल्डरिंगसाठी धातूची पाती (टॅब) जोडलेलाच आणा; साध्या सेलवर थेट सोल्डरिंग केलं तर तो तापून फुटू शकतो. पुढे विकताना उघडलेल्या कार्ट्रिजमधल्या सर्किट बोर्डाचा फोटो द्या. माल अस्सल असल्याचा तोच खरा पुरावा.