चितळाचा नर पिल्लाकडे बघत का नाही?

प्रश्न : मे महिन्यात नागझिऱ्याला गेलो होतो. शिंगंवाला मोठा चितळ ओरडत एका मादीच्या मागेमागे फिरत होता, शेजारीच दुसऱ्या मादीचं पिल्लू दूध पीत होतं, त्याच्याकडे याने ढुंकूनही बघितलं नाही. तिकडे कोकणात मामाच्या गावाला धनेशाचा नर मात्र दिवसभर फळं आणून ढोलीत भरवत असतो. चितळच असा बेजबाबदार का?
– एक वाचक, गोंदिया

उत्तर : बेजबाबदार नका म्हणू हो त्याला, कारण करायचं म्हटलं तरी त्याला करता येण्यासारखं फारसं काही नसतंच. चितळाची मादी साडेसात-आठ महिने पिल्लू पोटात वाढवते, बहुतेक वेळा एकच, आणि नंतर दूधही तीच पाजणार. मग नराची सगळी ताकद जाते शिंगांत आणि मारामाऱ्यांत. ही शिंगं दरवर्षी गळतात आणि नवीन उगवतात, म्हणजे शरीरातलं कॅल्शियम, फॉस्फरस दरवर्षी नव्याने ओतायचं! स्कॉटलंडच्या रम बेटावर लाल हरणांचा अभ्यास 1953 पासून चालू आहे, तिथे दिसलंय की माजाच्या दिवसांत नर जवळजवळ खाणंच सोडतो, पार खंगतो, आणि कळप राखायची धमक त्याच्यात आयुष्यातली थोडीच वर्षं असते. मादीलाही पिल्लू महागात पडतं, ज्या वर्षी पिल्लू वाढवलं त्याच्या पुढच्या वर्षी तिला पिल्लू होण्याची शक्यता कमी होते. त्यामुळे खर्च दोघंही करतात, फक्त वेगवेगळ्या ठिकाणी. जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी 1972 मध्ये हेच मांडलं, की पिल्लामागे जास्त खर्च जिचा ती जोडीदार निवडताना चोखंदळ, आणि ज्यांचा खर्च कमी ते आपसात भांडणार.

पक्ष्यांचं गणित वेगळं कारण अंडं शरीराबाहेर असतं, त्यावर नरही बसू शकतो, चाराही कोणीही आणू शकतं. म्हणून ढोबळमानाने 10 पैकी 8 जातींत आईबाप दोघंही राबतात, सस्तन प्राण्यांत बाप मदत करतो अशा जाती 10 पैकी 1 सुद्धा नसतील. धनेशाची मादी तर ढोलीत शिरून दार लिंपून घेते, फक्त चोच जाईल एवढी फट ठेवते, आत तिची उडायची पिसंही गळतात. नर मेला तर आतली मादी आणि पिल्लं दोघांचंही काही खरं नाही, म्हणून विणीच्या दिवसांत एक नर मारणं म्हणजे अख्खं घर संपवणं, आणि जुनी ढोलीची झाडं तोडणं त्याहून वाईट, हे मामांना आणि गावात जरूर सांगा.

पण सगळे पक्षी असे नसतात. मोर पिल्लांसाठी काहीही करत नाही. सुगरणीचा खोपा नर विणतो, मादीने पसंत केला की अंडी आणि पिल्लं बव्हंशी तिच्यावर सोडून तो दुसरा खोपा विणायला घेतो. तळ्यातल्या कमळपक्ष्याचं तर पूर्ण उलटं, मादी मोठी आणि भांडखोर, ती चार अंडी घालून पुढच्या नराकडे जाते, अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं सगळं नराकडे. मला स्वतःला हा पक्षी फार आवडतो, पावसाळ्यात तळ्यावर दुर्बीण घेऊन जा आणि पानांवरून चालणारा बाप बघाच.

प्रश्न : शेताच्या बांधावर चितळाचं एकटंच पिल्लू सापडलं, आईने टाकलं असेल का? घरी आणून दूध पाजलं तर चालेल?

उत्तर : नाही, प्लीज उचलू नका! पहिले काही दिवस आई पिल्लाला गवतात लपवून स्वतः चरायला जाते आणि दूध पाजायला परत येते. पिल्लाला वास फार कमी असतो, ते हलतही नाही, तोच त्याचा बचाव. माणसं भोवती उभी राहिली तर आई जवळ यायची नाही, त्यामुळे फोटो वगैरे न काढता लांब जा, कुत्री बांधून ठेवा. जखमी असेल किंवा आई मेलेली दिसली तरच वनविभागाच्या 1926 नंबरवर फोन करा, आणि ते येईपर्यंत गाईचं दूध अजिबात पाजू नका.