पालिकेच्या छोट्या कलादालनात वस्तीतल्या लोकांबरोबर प्रदर्शन कसं करावं?

तुम्ही विचारलंय की पालिकेचं छोटं कलादालन मिळतंय, शेजारच्या कामगार वस्तीवर प्रदर्शन करायचं मनात आहे, पण वस्तीत कुणी चित्रकार नाही. मग लोकांना सामील कसं करून घ्यायचं, आणि ते बघायला तरी येतील का? मी सोलापूरची. विडी वळणाऱ्या बायकांबरोबर असं एक प्रदर्शन आम्ही काही जणींनी केलं होतं, त्या अनुभवावर सांगते.

आधी ठरवा ते एवढंच, की विषय कोण निवडणार. माझं मत ठाम आहे: तो वस्तीनेच निवडायचा. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय पाहिलंत का? ही इमारत १८७२ मध्ये लोकांसाठी खुली झाली. तिथे मुंबईतल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या आणि धंद्यांच्या माणसांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती आहेत, पगडी-पागोट्यांसकट. कारागिरी इतकी सुरेख की काचेपुढून पाय निघत नाही. पण त्यातलं एकही माणूस स्वतःबद्दल काही सांगत नाही. हा अमुक जातीचा, हा तमुक धंद्याचा, एवढीच त्याची ओळख. आज आपण वस्तीत जाऊन सुरकुतलेल्या हातांचे फोटो काढतो आणि खाली ‘श्रम’ असं लिहितो, तेव्हा वेगळं काही करत नाही.

याच्या उलट उदाहरण मला फार आवडतं. वॉशिंग्टन शहरात अनाकोस्टिया नावाची प्रामुख्याने कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. अमेरिकेतली मोठमोठी संग्रहालयं चालवणाऱ्या स्मिथसोनियन संस्थेने १९६७ साली तिथल्या एका बंद पडलेल्या सिनेमागृहात छोटं संग्रहालय सुरू केलं आणि जॉन किनार्ड या तरुण धर्मोपदेशकाला संचालक नेमलं. वस्तीतल्या मुलांच्या बोलण्यात घुशींचा त्रास पुन्हा पुन्हा यायचा. किनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये घुशींवरच प्रदर्शन केलं, तेही नकली परसदार उभारून त्यात जिवंत घुशी ठेवून! बाहेरचा कुणी जाणकार हा विषय सुचवणं कठीण होतं. लोकांच्या घरातला प्रश्न दालनात आला, म्हणून लोकही आले.

आपल्याकडे धारावीत २०१५ साली ‘स्नेहा’ या संस्थेने ‘अ‍ॅली गल्ली बिनाले’ हे कलाप्रदर्शन भरवलं. आरोग्य हा धागा धरून रहिवाशांनी कलाकारांबरोबर कार्यशाळांमधून कामं केली आणि ती धारावीतच मांडली. घरात होणाऱ्या मारहाणीचा नकाशा बायकांनी कापडावर केला होता. कलाकार तिथेही होतेच, पण काय सांगायचं ते बायकांकडून आलं होतं.

सोलापुरात आमच्याकडच्या बायकांनी निवडलं ते सूप. मांडीवर सूप, सुपात तेंदूची कापलेली पानं, तंबाखू आणि दोरा. उभा जन्म त्याच्यासमोर गेलेला. कुणाच्या सुपाच्या कडेला जुन्या साडीची पट्टी शिवलेली, कुणाच्या सुपावर नातवाने चिकटवलेली चित्रं. ती सुपंच भिंतीवर लावायची असं ठरलं. पण सूप भिंतीवर गेलं तर बाई काम कशात करणार? म्हणून प्रत्येकीला नवं सूप घेऊन दिलं, मगच जुनं मागितलं. आणि मजुरी! विडीचा दर हजार विड्यांमागे ठरतो. कार्यशाळेत दुपार गेली म्हणजे तेवढ्या विड्या बुडाल्या. त्यामुळे बसल्या वेळेची मजुरी आम्ही त्याच दराने दिली. बजेट करताना हा खर्च सगळ्यात वर लिहा. छपाई साधी झाली तरी चालेल, बॅनर नसला तरी चालेल, पण गरीब माणसाचा वेळ फुकट घेऊन त्याच्यावर प्रदर्शन करू नका, हे मी कळकळीने सांगते.

सुपाखालचा मजकूर बायकांनी सांगितला तसाच लिहिला. सोलापुरात विडी वळणाऱ्या पुष्कळ बायकांची घरची भाषा तेलुगू, त्यामुळे तेलुगू वर आणि मराठी खाली, तेही मोठ्या अक्षरात. तुमच्या वस्तीत घरात कुठली भाषा चालते ते आधी बघा. लिहिलेलं प्रत्येकीला वाचून दाखवा आणि नाव घालायचं का ते विचारा. काहींना कारखान्याबद्दल बोलायचं होतं, पण नाव नको होतं. साहजिक आहे, उद्या परत तिथेच विड्या द्यायच्या असतात. ‘हे काढून टाका’ म्हणण्याचा हक्क शेवटच्या दिवसापर्यंत त्यांचाच, हे सुरुवातीलाच सांगून ठेवा.

लोक येतील का? भिंतीवर आपली आई असेल तर येतात. मात्र दालनाची वेळ आडवी येते. सरकारी दालनं संध्याकाळी लवकर बंद होतात आणि कामगार माणूस मोकळा होतो त्यानंतर. रात्री नऊपर्यंत आणि रविवारी दालन उघडं ठेवायची परवानगी अर्जातच मागा, नंतर मागितली तर कागद फिरत बसतो. शिपायांच्या जादा वेळेचे पैसेही धरा. पत्रिका घरोघरी हातात द्या. उद्घाटनाला पुढारी बोलावलात तर भाषणांतच तास जाईल. आमच्याकडे फीत वस्तीतल्या सगळ्यात वयस्कर आजीने कापली आणि मग बायका स्वतःच पाहुण्यांना आपापल्या सुपापाशी घेऊन गेल्या. अभिप्रायाच्या वहीशेजारी आवाज रेकॉर्ड करायला एक फोन ठेवा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी आमच्याकडे सगळ्यात जास्त सांगितलं.

संपल्यावर वस्तू कुठे जाणार हेही आत्ताच ठरवा. आम्ही प्रत्येक सुपाचे फोटो आणि मजकूर यांचा एक संच वस्तीतल्या वाचनालयात ठेवला. सुपं ज्यांची त्यांना परत दिली. दोघींनी मात्र ती दालनालाच द्यायची ठरवली, आणि त्यासाठी रीतसर पावती घेतली.