वाचक विचारतात: टोपीची फर, कपाटातली पैठणी आणि गोठ्यातलं रेडकू

प्रश्न: डॉक्टरकाकू, नमस्कार. आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतो, घर जुनं, आमची चौथी पिढी. दिवाळीला नणंद कॅनडाहून आली ती माझ्यासाठी एक भारी जॅकेट घेऊन आली, टोपीच्या कडेला लांब केसांची फर आहे, खरी. ग्वाल्हेरची जानेवारी तुम्हाला माहितीच आहे, धुकं दुपारपर्यंत हटत नाही, त्यात असं जॅकेट म्हणजे सुखच. पण लेक बीएस्सीला आहे, तिने ते पाहिलं आणि म्हणाली आई हे घालून माझ्याबरोबर बाड्यावरच्या बाजारात यायचं नाही. मी पण चिडले, म्हटलं तू चामड्याचे बूट घालतेस, मामेबहिणीच्या लग्नात माझी पैठणी नेसून मिरवलीस, रोज पेलाभर दूध पितेस, तेव्हा कुठे असते तुझी दया? त्यावर ती गप्प बसली, पण जॅकेट तेव्हापासून खुंटीवरच आहे, मलाही हात लावावासा वाटत नाही. मला खरंच समजून घ्यायचंय, बकरीचं कातडं चालतं मग कोल्ह्याचं का नाही? फक्त तो दिसायला गोड म्हणून?
(एक आई, लष्कर, ग्वाल्हेर)

उत्तर: ताई, आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. ती फर घालू नका. पण लेकीला तुम्ही जे विचारलंत तेही अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर तिलाही शोधावं लागेल आणि मलाही, कारण मी तीस वर्षं डबरा, भितरवार, मुरैना ह्या पट्ट्यात जनावरांची डॉक्टर म्हणून फिरले आणि गोठ्यागोठ्यात दुधाचा चहा घेतच फिरले.

गोड दिसण्याचा मुद्दा आधी बाजूला ठेवू. जनावर दिसायला कसं आहे हे मी बघतच नाही, ते जगलं कसं आणि मेलं कशापायी एवढंच बघते. फर दोन रस्त्यांनी येते. एक रानातून, म्हणजे कॅनडाच्या जॅकेटांच्या टोपीला असते ती बऱ्याचदा कोयोटची, तो आपल्या कोल्ह्या-लांडग्याच्या भावकीतला प्राणी, त्याला फासात नाहीतर पाय धरणाऱ्या लोखंडी सापळ्यात पकडतात आणि सापळेवाला येईपर्यंत तो तसाच अडकून राहतो. पायाचे हे सापळे युरोपियन युनियनने १९९५ पासून बंद केले, उत्तर अमेरिकेत अजून चालतात. दुसरा रस्ता फार्मचा, तिथे मिंक (मुंगसासारखा लांबट अंगाचा छोटा प्राणी) आणि कोल्हे असतात. मिंकचा पिंजरा तारेचा, साधारण तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच, खाली पण तारच. मिंक हा एकटा राहणारा, पाण्यात पोहून शिकार करणारा प्राणी. सात-आठ महिन्यांचा झाला, थंडीचे केस दाट आले की गॅस देऊन मारतात, कोल्ह्याला विजेचा शॉक देतात, का, तर कातड्याला भोक पडू नये म्हणून. असे पन्नास-साठ मिंक गेले की एक लांब कोट होतो.

आता एक प्रयोग सांगते, लेकीला पण वाचून दाखवा, ती सायन्सची आहे तिला आवडेल. २००१ साली ऑक्सफर्डच्या जॉर्जिया मेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिंकच्या पिंजऱ्याला जोडून वेगवेगळ्या खोल्या ठेवल्या, एकीत खेळणी, एकीत उंच बसायची जागा, एकीत पोहायला पाणी असं, आणि प्रत्येक खोलीच्या दाराला वजन लावलं, ते हळूहळू वाढवत नेलं. मिंकने सगळ्यात जास्त जोर लावून जे दार ढकललं ते पाण्याचं. मग पाण्याची वाट बंद केली तर अंगातलं ताणाचं हार्मोन जवळजवळ तितकंच वाढलं जितकं जेवण काढून घेतल्यावर वाढत होतं. ही मिंक फार्मवरच जन्मलेली, पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातली होती तरीही. म्हणजे "त्याला सवय झालेली असते" हे जे फार्मवाले म्हणतात ते खरं नाही. मी स्वतः मिंक पाहिलेला नाही पण एका गावात कुणीतरी कोल्हा पकडून कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवला होता तो पाहिलाय, तीन पावलं इकडे, वळायचं, तीन पावलं तिकडे, मी दीड तास तिथे एक म्हैस बघत होते तेवढा वेळ तो थांबला नाही, जाळीला घासून नाकाची कातडी सोललेली.

आता तुमची बाकीची यादी. बूट घ्या. आपल्याकडचं चामडं बहुतेक म्हशीचं, बकरीचं, मेंढीचं, जनावर कापलं जातं ते मांसासाठी, कातड्याचे पैसे त्यात थोडे. म्हणून चामडं एकदम स्वच्छ आहे असं मी म्हणणार नाही, कानपूरच्या जाजमऊतल्या टॅनरींचं क्रोमियम गंगेत गेलंय हे सगळ्यांना माहितीय, पण तुम्ही बूट घेतला नाहीत म्हणून बकरी वाचत नाही, आणि एक चांगला बूट आठ वर्षं वापरला तर मला त्यात फार मोठं पाप दिसत नाही. लोकरीचं म्हणाल तर धनगर मेंढरं भादरतो, घोंगडं विणतो, मेंढी दुसऱ्या दिवशी चरायला जाते. ऑस्ट्रेलियात मेरिनो मेंढीच्या शेपटीजवळची कातडी कापून काढायची पद्धत आहे, माशांनी अंडी घालू नयेत म्हणून, ते क्रूर आहे, न्यूझीलंडने २०१८ मध्ये बंद केलं. म्हणजे तेच काम नीट करता येतं. पश्मिना आणि शाहतूश तर शेजारीशेजारीच ठेवून बघा, पश्मिना लडाखच्या बकरीची, वसंतात केस गळायला लागतात तेव्हा फणीने विंचरून काढतात, आणि शाहतूश चिरू नावाच्या तिबेटी हरणासारख्या प्राण्याची, त्याला मारल्याशिवाय मिळत नाही, एका शालीला तीन ते पाच चिरू. दिसायला दोन्ही शालीच.

पैठणीबद्दल मात्र तुम्हाला थोडं वाईट वाटेल असं सांगते. कोशातून पाखरू बाहेर पडलं की धागा तुटतो म्हणून कोश आतल्या जिवासकट वाफेवर नाहीतर गरम पाण्यात घालतात, एका साडीला असे हजारो कोश लागतात. आपण त्याच रेशमाला सोवळं मानतो, पितांबर नेसून पूजा करतो आणि चामड्याचा पट्टा देवळाबाहेर काढून ठेवतो. मला हे लहानपणापासून खटकतं. तेव्हाच्या आंध्रच्या कुसुमा राजय्यांनी पाखरू बाहेर गेल्यावर सूत काढायची पद्धत बसवली, त्याचं पेटंट घेतलं, ते कापड अहिंसा सिल्क म्हणून मिळतं, पण त्याला पैठणीसारखी चमक नसते. अळी आणि मिंक मला एका पारड्यात तोलता येत नाहीत, मिंकचा मेंदू, भीती, आईपण हे सगळं आपल्या घरच्या कुत्र्यासारखं असतं, अळीचं तसं नाही. तरी तुमची पैठणी आहे ती जपून नेसा, लेकीला द्या, नवीन घेताना विचार करा एवढं मी म्हणेन.

आणि दूध. इथे मला थांबावं लागतं. मुरैन्याकडच्या एका गावातून बोलावणं आलं, भदावरी म्हैस, ह्या जातीचं दूध इतकं दाट की तुपासाठी नाव आहे तिचं, पण म्हैस पान्हा सोडत नव्हती. रेडकू आठ दिवसांचं होऊन मेलं होतं, नर होता म्हणून त्याला चीकसुद्धा पोटभर पाजला नव्हता, शेतात ट्रॅक्टर आल्यापासून रेड्याला कोण पोसतो. मी पोचले तोवर घरातल्या म्हाताऱ्याने त्या रेडकाचं कातडं सोलून, आत पेंढा भरून, चार काठ्यांवर उभं केलं होतं, वर मिठाचं पाणी शिंपडलं होतं आणि म्हैस ते चाटत होती. डोळ्यांच्या जागी सुतळीचे टाके. चाटता चाटता ती हुंकार देत होती आणि खाली बादलीत दूध पडत होतं. मी तिला तपासलं, काही आजार नव्हता, मग त्यांनी त्याच दुधाचा चहा दिला आणि मी तो घेतला. लोक वाईट नव्हते ताई, घरात पाच पोरं आणि दोन म्हशी. काही ठिकाणी तर पेंढ्याचं रेडकूसुद्धा नसतं, पान्हा सुटायला सरळ ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन टोचतात. त्या दिवसापासून दूध म्हणजे अहिंसा असं माझ्या तोंडून निघत नाही, आणि लेकीला तुम्ही दुधाचं विचारलंत ते म्हणूनच मला बरोबर वाटलं.

मग फरच का वेगळी? माझ्या मते यासाठी की त्या म्हाताऱ्याला मी काहीतरी सांगू शकत होते. रेडकाला पहिल्या दोन तासांत चीक पाजा, एक सड त्याच्यासाठी सोडा, जंतांचं औषध द्या, आणि ज्यांनी ऐकलं त्यांची रेडकं जगली आणि दूधही मिळालं. गोठा सुधारता येतो, मेंढी भादरायची पद्धत सुधारता येते. मिंकच्या फार्मवाल्याला मी काय सांगू? तळं खणून दे, एकेकाला वेगळं रान दे? मग त्याचा धंदाच राहणार नाही. जनावराला बरं ठेवून जो धंदा चालूच शकत नाही तो धंदा बंदच व्हावा असं मला वाटतं, आणि होतोही आहे. ब्रिटनने २००० मध्ये फर फार्मिंगवर बंदीचा कायदा केला. डेन्मार्कमध्ये २०२० च्या नोव्हेंबरात कोरोनाचा बदललेला विषाणू मिंकमध्ये सापडल्यावर दीड कोटीच्या वर मिंक मारले, एवढी जनावरं एका छोट्याशा देशात पिंजऱ्यात होती हे तेव्हा जगाला कळलं. आपल्याकडे २०१७ पासून मिंक, कोल्हा आणि चिंचिलाची कातडी आयात करायला मनाई आहे. उत्तर ध्रुवाकडचे इन्युइट लोक सीलचं कातडं घालतात त्यांना मी नावं ठेवणार नाही, ते सील खातात आणि तिथे दुसरं काही उगवत नाही, युरोपने २००९ मध्ये सीलच्या वस्तूंवर बंदी आणली तेव्हा त्यांना सूट दिलीच. पण ग्वाल्हेरला पारा चार-पाचावर जरी आला तरी कानटोपी आणि मफलरवर भागतं.

जॅकेटचं असं करा. टोपीची फर बहुतेक चेनने किंवा बटणांनी लावलेली असते, ती काढून टाका आणि जॅकेट खुशाल घाला, आत बदकाचं पीस भरलेलं असेल तर तेही लेकीला सांगून टाका, लपवू नका. नणंदेला फोन करा, त्या प्रेमाने घेऊन आल्यात, "वन्सं, जॅकेट फार ऊबदार आहे, फर तेवढी काढली, पुढच्या वेळी बिनफरचं आणा" एवढं सरळ बोललात तर त्या रागावणार नाहीत. आणि ती पट्टी फेकू नका, विकूही नका, माझ्याकडे पाठवा, माघात रस्त्यावरच्या कुत्र्यांची पिल्लं थंडीने मरतात, त्यांच्या खोक्यात घालायला उपयोगी पडेल.

प्रश्न: ऑनलाइन मागवलेल्या स्वेटरच्या कॉलरला फर आहे, "फॉक्स फर" लिहिलंय, म्हणजे कोल्ह्याचीच का?
(मुरार)

उत्तर: तो फॉक्स (faux) म्हणजे कोल्हा (fox) नाही, खोटी ह्या अर्थाचा फ्रेंचमधून आलेला शब्द आहे, उच्चार खरा "फो" असा. तरी खात्री करा. केस बाजूला करून मुळाशी बघा, विणलेलं कापड दिसलं तर खोटी, कातडं दिसलं तर खरी. दोन-चार केस उपटून चिमट्यात धरून जाळा, केस जळल्याचा वास आला तर जनावराची, प्लास्टिकचा वास येऊन टोकाला गोळी झाली तर अ‍ॅक्रिलिक. अ‍ॅक्रिलिक धुताना बारीक प्लास्टिक पाण्यात जातं म्हणून कमी धुवा आणि बरीच वर्षं वापरा.

प्रश्न: वैशाखात नातवाची मुंज आहे. गुरुजी म्हणतात जानव्याला हरणाच्या कातड्याचा तुकडा लागतो, दुकानात मिळेल. वरचा सगळा विचार करता हे बरोबर का? आणि नातू तबला शिकतो, त्याची पुडी पण कातड्याचीच असते, मग ते पण सोडायचं का?
(एक आजोबा, ग्वाल्हेर)

उत्तर: आजोबा, तो तुकडा घेऊ नका. शास्त्रात सांगितलेलं कृष्णाजिन म्हणजे काळविटाचं कातडं, आणि काळवीट १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याचं कातडं विकणं घेणं दोन्ही गुन्हा. दुकानदार देतो ते बऱ्याचदा हरणाचं नसतंच, बकरीचं असतं, म्हणजे फसवणूक वेगळी आणि खरं असलं तर शिकार वेगळी.

तबला मात्र सोडायला लावू नका. पुडी बकरीच्या कातड्याची, सरोदचं तोंडही तसंच मढवतात, आणि ती बकरी आधीच खाटकाकडे गेलेली असते. नीट सांभाळली तर पुडी वर्षानुवर्षं बोलते. आपल्या गावात तर ह्या कातड्यांवर किती पिढ्यांनी रियाज केलाय. नातवाला एवढं जरूर सांगा की ही बकरी होती, पुडीवर हाताचा घाम राहू देऊ नकोस, पावसाळ्यात झाकून ठेव, फाडून टाकू नकोस. मुलांना हे लवकर कळतं.

मुंजीचं गुरुजींना आत्ताच जाऊन सांगा, ऐनवेळी नको. माझ्या पुतण्याच्या मुंजीत आम्ही अजिनाच्या जागी दर्भाची काडी बांधली होती, गुरुजींनी आधी थोडी कुरकुर केली, मग स्वतःच गाठ मारून दिली.